गॅरेजात बांधलेली गाडी कायदेशीर कशी करायची: कॅलिफोर्नियातलं टायटल

बे एरियात आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना हा किडा चावलेला असतो. आठवडाभर लॅपटॉपसमोर बसायचं आणि शनिवार-रविवार गॅरेजात कोब्राचं किट (शेल्बी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची नक्कल घरी जुळवायचे सुटे पार्ट) नाहीतर लोटस सेव्हनसारखी छोटी गाडी जुळवत बसायचं. भेटले की सगळे इंजिन कुठलं टाकू, गिअरबॉक्स कुठला, रंग कुठला यावर तासन् तास बोलतात, आणि कागदांचं विचारतात ते गाडी जवळजवळ तयार झाल्यावर, जेव्हा निम्म्या पार्टांच्या रिसीटा कचऱ्यात गेलेल्या असतात आणि ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याचा फोन नंबर बंद पडलेला असतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून टाकतो. मी लिहितोय ते कॅलिफोर्नियाचं आहे, दुसऱ्या राज्यात असाल तर नियम वेगळे, पण डोकं कुठल्या दिशेने चालवायचं ते बरंचसं सारखंच. भारतातल्या लोकांसाठी शेवटी शेवटी थोडं आहे, ते फार आनंदाचं नाहीये हे आधीच सांगतो.

आधी टायटल म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे आरसी बुक एकच, त्यातच मालक पण कळतो आणि गाडी पासिंग झालीय हे पण कळतं. इथे दोन वेगळे कागद असतात. रजिस्ट्रेशन म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी, ते दरवर्षी भरायचं. टायटल म्हणजे मालकी, लोक अजून पिंक स्लिप म्हणतात तो कागद. टायटलला गाडीचा सातबारा समजा, आणि जमिनीला जसे मागचे फेरफार लागतात तसं इथे पण आधी कुणाकडून कुणाकडे आलं ते सगळं दाखवावं लागतं. शोरूमच्या गाडीला ही साखळी आपोआप असते, कंपनी डीलरला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन देते, डीलर ते डीएमव्हीला (इथलं आरटीओ समजा) देतो, तुम्हाला काही कळायच्या आत टायटल घरी येतं. तुमच्या गाडीला ही साखळीच नाही, कारण कंपनी तुम्हीच. मग सरकारला तीन प्रश्न पडतात: यातलं काही चोरीचं आहे का, ही धूर किती ओकते, आणि ब्रेक मारल्यावर थांबते का. पुढे जे जे फॉर्म आणि जे जे ऑफिस येणार आहे ते या तीनपैकी एका प्रश्नाचं उत्तर आहे. हे डोक्यात ठेवलं की कुठला कागद का मागतायत ते लगेच कळतं आणि चिडचिड निम्मी होते.

तुमची गाडी नक्की कशात बसते

डीएमव्हीच्या भाषेत घरी बांधलेल्या गाडीला स्पेशली कन्स्ट्रक्टेड व्हेईकल म्हणतात, कागदांवर त्याचं एसपीसीएनएस असं लघुरूप दिसेल. स्वतःच्या वापरासाठी बांधलेली, विकायच्या धंद्यासाठी नाही, आणि लायसन्सवाल्या कंपनीने न बनवलेली. किटमधून, नव्या पार्टांतून, जुन्या पार्टांतून, नाहीतर मोडीत काढलेल्या गाडीतून अशी काही बांधलीत की ती मूळ गाडीसारखी दिसतच नाही, तर ती यात आली.

काय यात येत नाही ते पण महत्त्वाचं आहे. १९६७ ची मस्टँग आणून तिचा सगळा पत्रा बदलला, इंजिन बदललं, सीट बदलल्या, तरी ती मस्टँगच, तिचं जुनं टायटल चालतं, तुम्हाला या लेखाची गरजच नाही. बीटलचे मडगार्ड कापून मोठे टायर टाकले तरी ती फोक्सवॅगनच. पण बीटलचा फ्लोअर पॅन घेऊन त्यावर पूर्ण वेगळी फायबरची बॉडी बसवली (ब्रूस मायर्सने १९६४ मध्ये मँक्स बग्गी काढली तेव्हापासून कॅलिफोर्नियात हा उद्योग चालू आहे) तर गाडी कशात धरायची हा प्रश्न येतो, आणि तो काम सुरू करायच्या आधी डीएमव्हीत जाऊन विचारून घ्यायचा, कारण दोन्हीकडचा खर्च आणि त्रास फार वेगळा आहे.

आता तो शॉर्टकट, जो तुम्हाला कुणीतरी हमखास सुचवणार. "अरे कशाला एवढं, १९६५ च्या कुठल्यातरी फोर्डचं टायटल घे, त्याचा नंबर चेसिसवर ठोक, झालं." हे करू नका. नियम म्हणून तर नाहीच, पण व्यवहार म्हणून पण नाही. ज्या नंबरवर टायटल आहे ती गाडी म्हणजे तुमची गाडी नव्हे, आणि डीएमव्हीच्या फॉर्मवर तुम्ही सही करता ती खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा या अटीवर करता. एक काळ असा होता की कॅलिफोर्नियात हजार-दोन हजार डॉलर किंमत दाखवून महागडी कोब्रा जुनी फोर्ड म्हणून नोंदवायची फॅशनच होती, टॅक्स पण वाचायचा आणि स्मॉगची (धुराची) तपासणी पण. मग राज्याने असे मालक शोधायला सुरुवात केली, आणि शेवटी २०११-१२ मध्ये वर्षभर माफीची मुदत दिली की आपणहून या, राहिलेला टॅक्स भरा आणि नीट नोंदवा. ती मुदत केव्हाच संपली. आज अशी गाडी विकायला काढली की जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा टायटलवरचं मेक (गाडी कुठल्या कंपनीची ते) बघतो, आणि तिथे साधी फोर्ड लिहिलेली दिसली तर किंमत पाडून मागतो नाहीतर निघून जातो.

परराज्यातले शॉर्टकट पण तसेच. व्हर्मॉंटमधून टपालाने जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन मागवायची सोय होती ती त्यांनी २०२३ मध्ये बाहेरच्यांसाठी जवळजवळ बंदच केली. मोंटानात कागदोपत्री कंपनी काढून तिच्या नावावर गाडी घ्यायची आणि राहायचं फ्रीमाँटला, हे कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सरळ टॅक्स चुकवणं आहे. हायवे पोलिसांचा अशा परराज्यातल्या नंबरप्लेटींसाठी खास कार्यक्रम आहे, त्याचं नावच चीटर्स आहे, आणि शेजारी त्यावर तक्रार करू शकतात. तुमची कोब्रा रविवारी सकाळी सात वाजता स्टार्ट होते तेव्हा शेजाऱ्याला काय वाटतं याचा एकदा विचार करा.

फाईल, फाईल, फाईल

सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवणार आहे, कारण खरं टायटल इथेच तयार होतं, डीएमव्हीच्या खिडकीवर फक्त शिक्का बसतो.

चार मोठे पार्ट धरले जातात: इंजिन, फ्रेम, ट्रान्समिशन आणि बॉडी. या चारही गोष्टी तुमच्या मालकीच्या कशा झाल्या ते कागदावर दाखवायचं. किट घेतलं असेल तर फ्रेम आणि बॉडीचा प्रश्न सोपा, फॅक्टरी फाईव्हसारखी कंपनी किटबरोबर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन देते, बऱ्याचदा ते पैसे पूर्ण चुकते झाल्यावर टपालाने वेगळं येतं. ते आलं नाही तर मागे लागा, आणि आलं की लॅमिनेट वगैरे करू नका, त्याच्या मागे सही-शिक्क्याची जागा असते, डीएमव्ही मूळ कागद ठेवून घेते.

इंजिन आणि गिअरबॉक्स ही खरी भानगड. तीन प्रकारे लोक घेतात. नवं क्रेट इंजिन (पेटीत बंद येणारं तयार इंजिन) घेतलं तर दुकानाचं बिल असतं, त्यावर इंजिनचा नंबर लिहून घ्या, विषय संपला. जंकयार्डातून घेतलं तर यार्डाच्या छापील बिलावर त्यांचं नाव-पत्ता आणि इंजिन ज्या गाडीतून काढलं त्या गाडीचा व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख नंबर) हवा. काउंटरवरचा पोरगा नुसतं "व्ही-८ मोटर, कॅश" असं खरडून देईल, त्याला तिथेच थांबवून पूर्ण लिहून घ्यायचं, घरी येऊन फोन केलात तर कोणी ओळख दाखवत नाही. तिसरा प्रकार म्हणजे क्रेग्सलिस्ट किंवा मार्केटप्लेसवरून कुणाच्या तरी गॅरेजातून. इथे बिल ऑफ सेल तुम्हीच दोन प्रती करून न्या: विकणाऱ्याचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर, तारीख, रक्कम, इंजिनवर ठोकलेला नंबर, आणि शक्य असेल तर ते कुठल्या गाडीतलं आहे तिचा व्हीआयएन. विकणारा लायसन्स दाखवायला कां-कूं करायला लागला, किंवा ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने घासलेला दिसला, तर कितीही स्वस्त असलं तरी गाडीत बसून परत यायचं. नंबर घासलेलं इंजिन सीएचपीच्या (हायवे पोलिसांच्या) तपासणीत सापडलं तर ते जप्त होऊ शकतं, आणि तोपर्यंत तुम्ही त्याच्याभोवती अख्खी गाडी बांधलेली असते.

आख्खी डोनर गाडी (पार्ट काढून घ्यायला आणलेली जुनी गाडी) घेणं हा माझ्या मते सगळ्यात स्वच्छ मार्ग. कोब्राच्या किटला वर्षानुवर्षं लोक १९८७ ते ९३ मधली ५.० लिटरची मस्टँग घेत आलेत, इंजिन, टी-५ गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, पेडल सगळं एकाच गाडीतून निघतं, आणि त्या मस्टँगचं टायटल तुमच्या नावावर असलं की सगळ्या जुन्या पार्टांना एकच भक्कम पुरावा मिळतो. सुटं सुटं पाच ठिकाणांहून गोळा करण्यापेक्षा हे कागदाच्या दृष्टीने फारच सोपं. उरलेलं धूड मोडीत देताना मात्र डीएमव्हीला ते मोडीत गेल्याचं कळवा आणि पावती फाईलला लावा, नाहीतर त्या मस्टँगच्या रजिस्ट्रेशनची बिलं येत राहतील.

लहान पार्टांच्या रिसीटा पण ठेवाच. डीएमव्हीला त्यातल्या बोल्ट-नटांत रस नाही, पण सेल्स टॅक्सचा हिशोब त्यावरून होतो. ज्या बिलावर कॅलिफोर्नियाचा टॅक्स भरलेला दिसतो तो पुन्हा लागत नाही, जो भरलेला नाही (परराज्यातून मागवलेलं किट, खाजगी माणसाकडून घेतलेलं इंजिन) त्यावर रजिस्ट्रेशनच्या वेळी यूज टॅक्स मागतात. दर राज्यभर ७.२५ टक्क्यांपासून सुरू होतो आणि तुमच्या गावाप्रमाणे वर चढतो. वीस-तीस हजारांच्या किटवर हा आकडा बघून लोकांचे डोळे पांढरे होतात, तेव्हा बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

आणि एक आपल्या लोकांसाठी खास. नाव. आपलं पासपोर्टवर तीन शब्दी नाव असतं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, लायसन्सवर कधी ते येतं कधी नुसतं आद्याक्षर येतं, आणि पार्ट मागवताना आपण वेबसाईटवर काहीतरी शॉर्टमध्ये टाकतो, एखादा पार्ट बायकोच्या कार्डावर येतो, एखादा मित्राच्या पत्त्यावर. खिडकीपलीकडच्या बाईंना हे तीन वेगळे लोक दिसतात. मोठ्या चार पार्टांची बिलं तरी अगदी लायसन्सवर जसं आहे तस्संच नाव घालून घ्या. मित्राने घेऊन दिलेलं इंजिन असेल तर त्याच्याकडून तुमच्या नावाने एक बिल ऑफ सेल लिहून घ्या, भेट दिलं असेल तर तसं लिहून घ्या.

बांधताना फोटो काढत जा, फ्रेम नुसती आली तेव्हाचा, इंजिन उतरवताना, नंबरांचे जवळून. कुठल्या फॉर्मवर फोटो लागतात असं नाही, पण समोरचा माणूस साशंक असेल तर गाडी खरोखर तुम्हीच बांधलीय हे पटवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

एखाद्या पार्टाचा कागद खरंच नसेल तर? थोडक्या किमतीचं असेल तर स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स (खरं काय ते आपल्या सहीने सांगायचा फॉर्म) लिहून देऊन भागतं. पण मालकीचा पुरावाच अपुरा असेल आणि गाडीची किंमत पाच हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर डीएमव्ही शुअरिटी बाँड मागू शकते, म्हणजे उद्या खरा मालक उगवला तर त्याचं नुकसान भरून द्यायची हमी. तो मिळतो, पण पैसे जातात.

स्मॉग आणि ते पाचशे नंबर

इथे कॅलिफोर्नियाची एक सोय आहे जी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. एसबी १०० नावाचा कायदा आहे, त्याप्रमाणे दर कॅलेंडर वर्षाला राज्यभर घरी बांधलेल्या पहिल्या ५०० गाड्यांना निवड करता येते: स्मॉगची तपासणी गाडी ज्या वर्षाच्या मॉडेलसारखी दिसते त्या वर्षाप्रमाणे करायची, की इंजिन ज्या वर्षाचं दिसतं त्याप्रमाणे. गाडी कुठल्याच ओळखीच्या मॉडेलसारखी दिसत नसेल तर तिला १९६० चं धरतात. मग बघा, १९६५ च्या कोब्रासारखी दिसणारी गाडी, तिला १९६५ चे नियम. आणि कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांचं स्मॉग चेक लागतच नाही. १९३२ च्या फोर्ड रोडस्टरची फायबरची नक्कल केलीत तर तिला १९३२.

यासाठी डीएमव्हीकडून सिक्वेन्स नंबर घ्यावा लागतो. नवे नंबर जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी उघडतात. मागणी जोरात होती त्या वर्षांत लोक त्या दिवशी पहाटेच ऑफिसच्या दारात जाऊन उभे राहायचे. नंबर मागताना अर्ज आणि फी भरायची असते, त्यामुळे गाडी निदान पूर्ण व्हायच्या टप्प्यात असताना जा. प्रत्येक डीएमव्ही ऑफिसातल्या माणसाला ही प्रक्रिया माहीत असते असं समजू नका, वर्षाकाठी राज्यभर पाचशेच असतात, तुमच्या खिडकीवरच्या माणसाने आयुष्यात एकही बघितलेली नसेल. डीएमव्हीच्याच साईटवरचं स्पेशली कन्स्ट्रक्टेडचं पान छापून बरोबर न्या, शांतपणे पुढे करा, आणि "तुमच्या इथे हे काम आधी कुणी केलंय का" असं विचारा. वाद घालून इथे काही मिळत नाही.

सिक्वेन्स नंबर नको असेल किंवा मिळाला नाही तर दुसरे रस्ते आहेत. जनरल मोटर्सचं ई-रॉड नावाचं क्रेट इंजिन पॅकेज येतं, कॅटलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर सगळं सकट, ते अशा गाड्यांसाठी कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाकडून मंजूर आहे. महाग आहे, पण इंजिन नवंकोरं आणि स्मॉगची चिंता नाही. आणि बॅटरीवरची गाडी बांधत असाल तर हा अख्खा भाग सोडून पुढे जा.

नंबर हातात आला की स्मॉग रेफरीची अपॉइंटमेंट. हे नेहमीच्या स्मॉगच्या दुकानात होत नाही, ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरचे रेफरी वेगळे असतात, त्यांच्या जागा बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत असतात. गाडी चालू आणि पूर्ण हवी. रेफरी बघतो, गाडी कशासारखी दिसते ते ठरवतो, इंजिन ओळखतो, कुठल्या वर्षाचे नियम लागतील ते ठरवून गाडीवर लेबल लावतो आणि सर्टिफिकेट देतो. हे लेबल जपा, पुढे कुणीही स्मॉगबद्दल विचारलं तर उत्तर तेच. मूळ गाडीचे दोन-चार फोटो छापून न्या. कोब्रा ओळखायला कुणाला त्रास होत नाही, पण तुम्ही काही आडवळणाचं बांधलं असेल तर फोटोंनी काम सोपं होतं. क्रँककेसची पीसीव्ही (इंजिनातली वाफ-धूर परत जाळायला पाठवणारी झडप) वगैरे त्या काळची साधी सामग्री जागेवर असू द्या.

सीएचपी आणि तो निळा नंबर

कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल. गाडीला व्हीआयएन हवा आणि तो देण्याआधी काही चोरीचं नाही ना ते हे बघणार. डीएमव्ही त्यासाठी कागद देऊन तुम्हाला यांच्याकडे पाठवते. प्रत्येक ऑफिसात हे काम करणारा अधिकारी ठराविक असतो आणि त्याच्या वेळा पण ठराविक असतात, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. जाताना सगळ्या मूळ बिलांची फाईल आणि झेरॉक्सचा एक वेगळा गठ्ठा. इंजिन, ट्रान्समिशन, फ्रेम यांचे नंबर कुठे आहेत ते आधी घरी शोधून, वंगण-धूळ पुसून ठेवा, आणि फाईलमध्ये कुठल्या बिलावर कुठला नंबर आहे त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. अधिकारी नंबर वाचून चोरीच्या यादीत टाकून बघतो. सगळं जुळलं की राज्याच्या नंबराची निळी पट्टी गाडीला लागते. नंबरांजवळ रंग देताना पावडर कोट जाड चढवून नंबर बुजवू नका, आणि किट कंपनीने फ्रेमवर लावलेली पट्टी काढू नका.

गाडी तिथे न्यायची कशी, ती तर रजिस्टर नाही? ट्रेलरवर, किंवा डीएमव्हीकडून एका दिवसाचं मूव्हिंग परमिट मिळतं, फॉर्म आरईजी १७२. इन्शुरन्सशिवाय मात्र परमिटवर पण बाहेर काढू नका. कॅलिफोर्नियात लायबिलिटीची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वाढून एका माणसाच्या इजेला ३० हजार, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेला मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५ हजार डॉलर झालीय, जुन्या लेखांतले आकडे बघून फसू नका. पूर्ण विमा घेताना अग्रीड व्हॅल्यूचा (गाडीची किंमत आधीच ठरवलेला) घ्या, नाहीतर ॲक्सिडेंटनंतर कंपनी म्हणेल या गाडीला बाजारभावच नाही.

ब्रेक, दिवे आणि बाकीचं

पूर्वी ब्रेक आणि लॅम्पची वेगवेगळी सर्टिफिकेट लागायची, २०२४ मध्ये ती पद्धत गेली आणि व्हेईकल सेफ्टी सिस्टीम्स इन्स्पेक्शन आलं, तेही ठराविक लायसन्सवाल्या स्टेशनवरच होतं. इंटरनेटवरच्या जुन्या गाईडमध्ये अजून ब्रेक-लॅम्पच लिहिलेलं असतं. स्टेशनला आधी फोन करून घरी बांधलेली गाडी घेता का विचारा, काही जण नको म्हणतात.

इथे नापास व्हायची कारणं नेहमीची आहेत. हेडलाईटची उंची जमिनीपासून २२ ते ५४ इंच हवी, सेव्हनसारख्या बुटक्या गाडीत दिवा २२ च्या खाली सहज जातो, तेव्हा ब्रॅकेट वेल्ड करायच्या आधी टायर, ड्रायव्हर, पेट्रोल सगळं धरून मोजा. ताशी २० मैलांवरून २५ फुटांत गाडी थांबली पाहिजे. हॉर्न २०० फुटांवर ऐकू आला पाहिजे. आरसे दोन, त्यातला एक डावीकडे. वजन दीड हजार पौंडांच्या वर असेल तर मडगार्ड लागतात, बरेच हॉट रॉडवाले (जुन्या धाटणीच्या गाड्या वेगवान करून चालवणारे) चाकं उघडी ठेवतात आणि इथे अडकतात. सायलेन्सर, इंडिकेटर, हँडब्रेक, नंबरप्लेटवरचा दिवा, समोरची काच सेफ्टी ग्लासची आणि वायपर. यातलं काही अवघड नाही पण शेवटच्या आठवड्यात वायरिंग उकलायला लागलं की जीव जातो.

परत डीएमव्ही

आता सगळं घेऊन परत खिडकीवर: अर्जाचा आरईजी ३४३, स्टेटमेंट ऑफ कन्स्ट्रक्शनचा आरईजी ५०३६, सीएचपीचं व्हेरिफिकेशन, रेफरीचं सर्टिफिकेट, सेफ्टी इन्स्पेक्शन, बिलं आणि चेकबुक. गाडीच्या किमतीच्या ०.६५ टक्के लायसन्स फी, शिवाय रजिस्ट्रेशनच्या बाकीच्या फिया आणि तो यूज टॅक्स. फॉर्मवर लिहिलेली किंमत आणि फाईलमधल्या बिलांची बेरीज यांचा मेळ बसला पाहिजे, पन्नास हजारांची बिलं जोडून किंमत आठ हजार लिहिणारे महाभाग आहेत. सीएचपी आधी की सेफ्टी इन्स्पेक्शन आधी हा क्रम ऑफिसप्रमाणे थोडा बदलतो, त्यामुळे पुढच्या ठिकाणी काय काय लागेल ते फोनवर विचारूनच निघायचं. नंबरप्लेट आणि स्टिकर मिळालं की गाडी रस्त्यावर, टायटल नंतर टपालाने येतं. त्यावर मेकच्या जागी स्पेशली कन्स्ट्रक्टेड असंच येणार, शेल्बी नाही.

आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात?

दर वेळी कुणीतरी पुण्याहून नाहीतर कोल्हापूरहून विचारतंच, म्हणून. थोडक्यात, एका माणसाने बांधलेल्या एका गाडीला रजिस्टर करायची अशी वाट आपल्या कायद्यात नाही. आरटीओत नव्या गाडीला फॉर्म २० बरोबर डीलरचा फॉर्म २१ आणि कंपनीचा फॉर्म २२ लागतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ प्रमाणे मॉडेल आधी एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर बसलेत ते, पण ती चाचणी कंपन्यांच्या खिशासाठी आहे. आहे त्या गाडीत मोठे बदल करायचे म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगून टाकलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका गृहस्थांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली होती, सगळीकडे व्हिडिओ फिरला, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच लिहिलं की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या थांबवतील, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. हाताला एवढं कसब असलेल्या माणसाला रीतसर तपासणीचा एक स्वस्त मार्ग तरी असायला हवा होता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सध्या तरी खाजगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवा, कॉलेजात असाल तर बाहा एसएईच्या (विद्यार्थ्यांनी गाडी बांधायची स्पर्धा) टीममध्ये शिरा. मंजुरी असलेलं इलेक्ट्रिक किट जुन्या गाडीला बसवून आरटीओत नोंद करता येते, पण किट मंजूर झालेलं हवं, घरचं नाही.

परत कॅलिफोर्नियाकडे येऊन एक शेवटचं. आरईजी ३४३ भरताना दोघांच्या नावावर गाडी करणार असाल तर दोन नावांच्या मधे "अँड" की "ऑर" असतं. "ऑर" असेल तर पुढे विकताना दोघांपैकी एकाची सही चालते, "अँड" असेल तर दोघांची लागते. ते कुठलं टाकायचं हे खिडकीवर उभं राहून नाही, घरी बसून ठरवा, आणि ज्याने दोन वर्षं गॅरेजात पार्किंगची जागा सोडली त्या माणसाचं मत आधी घ्या.